मिशीच्या आधीचा फ्रेडी: जुनं क्वीन कोणी ऐकतं का?

वाईचा_विनू (धागाकर्ता)

आज ५ सप्टेंबर, क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा वाढदिवस. सकाळपासून चार ग्रुपांवर एकच फोटो आला. पांढरी बनियन, मिशी, हातात माइकचा अर्धा दांडा आणि मूठ वर. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली, लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रम. तो दिवस मोठाच होता, वादच नाही. पण त्या वीसेक मिनिटांत क्वीनने वाजवलेलं सगळ्यात जुनं गाणं होतं बोहेमियन ऱ्हॅप्सडी, म्हणजे १९७५ चं. त्याच्या आधीचे तीन अल्बम जणू झालेच नाहीत. १९८१ च्या ग्रेटेस्ट हिट्समध्ये सतरा गाणी आहेत, त्यात पहिल्या दोन अल्बमांतलं एकच, सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय. आपल्याकडे बहुतेकांचं क्वीन त्या एका कॅसेटीत सुरू होतं आणि तिथेच संपतं.

मला या धाग्यावर त्या आधीच्या क्वीनबद्दल बोलायचंय. क्वीन (जुलै १९७३), क्वीन टू (मार्च १९७४) आणि शीअर हार्ट अटॅक (नोव्हेंबर १९७४). तेव्हा फ्रेडीला मिशी नव्हती, केस खांद्यावर, नखांना काळा रंग, आणि गाण्यांत पऱ्या, राक्षस, पांढरी राणी, काळी राणी.

माझी गोष्ट सांगतो. मी दहावीत असताना पुण्याच्या मावसभावाने मला क्वीन टू भरून दिली. कोरी कॅसेट घ्यायला पैसे कुठले, घरातलीच एक साठ मिनिटांची घेऊन गेलो. तिच्या बी बाजूला आईने रेडिओवरून भरलेले अभंग होते. आईने बजावलं होतं, "माझ्या बाजूला हात लावलास तर बघ." त्यामुळे अख्खा अल्बम ए बाजूला कोंबायचा ठरला. बाजू तीस मिनिटांची, अल्बम चाळीसचा. द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन सुरू होऊन दीड मिनिट होतंय न होतंय तोच खट्ट! बटण वर. त्या गाण्याचं पुढे काय होतं हे मला दहा वर्षं ठाऊक नव्हतं. सायकलवरून क्लासला जाताना मी मनातल्या मनात त्याचे शेवट रचायचो. एकदा तर ते हळू होत जाऊन घंटेच्या आवाजात संपतं असं ठरवून टाकलं होतं. १९९८ ला मुंबईत नोकरी लागली आणि पहिल्या पगारात काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीडी घेतली. तिथेच फुटपाथवर उभं राहून डिस्कमनवर राहिलेली पाचेक मिनिटं ऐकली. मी रचलेला एकही शेवट त्याच्या जवळपास जात नव्हता.

तर विचारायचं हे की तुम्ही फ्रेडीला पहिल्यांदा कुठे ऐकलंत, आणि १९७५ च्या आधीचं त्याचं काही ऐकलंय का? माझं मत मी आधीच सांगून टाकतो. क्वीन टूची काळी बाजू, म्हणजे त्या अल्बमची सगळी फ्रेडीची गाणी असलेली दुसरी बाजू, हे त्याचं सगळ्यात मोठं काम आहे. बोहेमियन ऱ्हॅप्सडीहूनही मोठं.

सुमेधा_ठाणे

मस्त धागा विनू! आईच्या अभंगांनी क्वीनला अडवलं हे फारच आवडलं. :)

माझं पहिलं किलर क्वीन. दादाच्या खोलीतून यायचं. सुरुवातीच्या त्या चुटक्या ऐकल्या की मी पोळी लाटता लाटता लाटणं पोळपाटावर आपटायचे आणि आई ओरडायची. ते १९७४ चं आहे हे मला आज कळलं. म्हणजे मी तुमच्या यादीत बसते ना?

वाईचा_विनू

बसतेस म्हणजे काय, पुढच्या बाकावर बसतेस. किलर क्वीन शीअर हार्ट अटॅकवरचं. इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. खऱ्या अर्थाने लोकांना क्वीन कळलं ते त्या गाण्याने.

कडक_चहा

धाग्याला विरोध नोंदवतो, तोही मनापासून. मी फ्रेडीचा भक्त आहे आणि म्हणूनच सांगतो, पहिले दोन अल्बम मला झेपत नाहीत. प्रत्येक गाण्यात चार गाणी कोंबलेली. राक्षसांची लढाई काय, परीराजा काय, सात समुद्र काय. लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढपात सगळं ताटात ओतून मोकळं व्हावं तसं वाटतं. किलर क्वीनमध्ये तोच माणूस तीन मिनिटांत सगळं सांगतो आणि एक शब्द, एक सूर जास्त नाही. संयम आला तेव्हा फ्रेडी मोठा झाला असं माझं मत.

बाकी पहिल्या अल्बमचा ढोलाचा आवाज तर खोक्यावर थापट्या मारल्यासारखा आहे.

गिटारगणू

@कडक_चहा, ढोलाचं तुमचं म्हणणं खरं आहे, आणि खुद्द बँडलाही तीच खंत होती. लंडनच्या सोहोमधला ट्रायडंट स्टुडिओ त्यांना मिळायचा तो दुसऱ्यांची कामं संपल्यावर उरलेल्या वेळात, बरेचदा रात्री. तिथला ड्रम्सचा आवाज कोरडा, घुमाराच नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात तो अल्बम नव्याने मिक्स करून पुन्हा काढलाय, आणि त्या वेळी वगळलेलं मॅड द स्वाइन हे गाणं त्याच्या मूळ जागी परत बसवलंय. तो ऐकून पाहा, खोकं गायब झालंय.

पण क्वीन टूबद्दल मी विनूच्या बाजूने. तेव्हा टेपवर मोजकेच ट्रॅक, म्हणजे आवाज भरायच्या वेगवेगळ्या पट्ट्या, असायचे. चार-पाच आवाज भरले की ते सगळे मिळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत आणखी आवाज भरायचे, मग पुन्हा उतरवायचे. प्रत्येक वेळी टेप यंत्राच्या हेडवरून घासत जाते. फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर असे तिघेच गाताहेत, आणि ऐकताना देवळातल्या शंभर माणसांचा गजर वाटतो तो यामुळे. बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या वेळी तर टेप इतकी झिजली की तिच्यावरचा लेप जाऊन आरपार दिसायला लागलं, असं ब्रायन मे सांगतो. पण ही युक्ती त्यांच्या हाताला वळली ती दोनेक वर्षं आधी, क्वीन टूवर.

आणि ऑगर बॅटलची, म्हणजे त्या राक्षसांच्या लढाईच्या गाण्याची, सुरुवात नीट ऐका. गाण्याचा शेवटचा भाग उलटा फिरवून तोच सुरुवातीला लावलाय. संगणक नाही, सिंथेसायझर नाही. १९८० च्या द गेमपर्यंत त्यांनी सिंथेसायझरला हात लावला नाही आणि आधीच्या अल्बमांच्या पाकिटांवर तसं अभिमानाने छापलंय.

अवांतर: ब्रायनची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवली. मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. आणि तो प्लास्टिकच्या पिकने नाही, सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो. मी आठ आण्याच्या नाण्याने करून पाहिलंय. तारा तुटतात.

टेबललँड

विनूभाऊ, वाईचे ना तुम्ही? आम्ही वर पाचगणीचे. पसरणी घाट चढून या की कधी.

मी इथेच लहानाचा मोठा झालो. इथल्या सेंट पीटर्स शाळेचं नाव लोकांना आता तिथे शिकलेल्या फ्रेडीमुळे माहीत आहे, आम्ही शाळेत असताना कोणी नावसुद्धा काढत नव्हतं. आता सुट्टीत गाड्या थांबतात, काच खाली होते, "भैया, फ्रेडी का स्कूल?" मग आम्ही हात करून दाखवतो. शाळा रोज भरते, पोरं शिकत असतात, तेव्हा गेटवरच्या माणसाला आत सोड म्हणून छळू नका एवढीच विनंती.

तुम्ही १९७३ ला आधीचं म्हणताय, मी त्याच्याही मागे जातो. झांझिबारहून आठ वर्षांचा पोरगा बोटीने मुंबईला येतो आणि तिथून वर घाटात. फारुख बलसारा. वरचे दात पुढे म्हणून पोरं बकी म्हणायची. बारा वर्षांचा असताना शाळेतल्या मित्रांबरोबर बँड काढला, द हेक्टिक्स. एल्विस, क्लिफ रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. आता ऐका, त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता! तो पियानोवर होता, मागून साथीला गायचा. पुढे उभा राहून दुसराच गायचा.

पावसाळ्यात इथे धुकं असं उतरतं की दहा पावलांवरची सिल्व्हर ओक दिसत नाही, फक्त आवाज येतात. कुठल्यातरी बोर्डिंग शाळेतून पियानो ऐकू येतो आणि तो कुठून येतोय ते कळत नाही. मी लहानपणापासून हे ऐकत आलोय. क्वीन टूवरचं प्रोसेशन पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तेच धुकं आठवलं. ते ब्रायनने गिटारवर केलंय हे मला माहीत आहे, पण आठवलं खरं.

सुमेधा_ठाणे

अंगावर काटा आला, टेबललँड.

तबलजी

हेक्टिक्सचं रेकॉर्डिंग कुठे मिळेल?

टेबललँड

कुठेही नाही. एकही नाही. फोटो आहेत.

पश्चिमद्रुतगती

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. दर ५ सप्टेंबरला आपल्याकडे "आपला फ्रेडी", "महाराष्ट्राचा फ्रेडी" सुरू होतं. तो झांझिबारचा पारशी, घरची भाषा गुजराती, १९६३ ला इथून गेला आणि १९६४ ची झांझिबारची क्रांती झाल्यावर कुटुंब लंडनजवळ फेल्टमला. क्वीनचा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही. मुलाखतींत तो इथल्या दिवसांबद्दल फारसं बोललाच नाही. ज्या माणसाने स्वतःचं नावसुद्धा बदललं त्याच्यावर आपण कशाला हक्क सांगायचा? गाणी ऐका, प्रेम करा, पण आधार कार्ड नका काढू त्याचं.

टेबललँड

हक्क कोण सांगतोय? आठव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत पोरगं ज्या गावात राहतं, ते गाव त्याची आठवण काढतं, इतकंच.

पाच_गार्डन

मी दादरच्या पारशी कॉलनीच्या शेजारी वाढले. माझ्या बालपणाचा अर्धा भाग समोरच्या मावशींच्या घरी गेला. त्या पारशी, आम्ही मराठी, आणि दोन्ही घरांत मिळून एकच पियानो, तो त्यांच्याकडे. भिंतीवर जरथुष्ट्राची तसबीर, पियानोवर क्रोशाचं विणलेलं कापड. मावशींना फ्रेडीचं गाणं मुळीच आवडत नसे, "केटलो अवाज!" म्हणायच्या. पण तो गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी दिवा लावला आणि डोक्याला रुमाल बांधून प्रार्थना म्हटली. मी विचारलं, तुम्हाला तर तो आवडत नव्हता. म्हणाल्या, "डीकरा, नवजोत थयेलो छोकरो हतो." नवजोत म्हणजे पारशांची धर्मदीक्षा.

लंडनला त्याचे अंत्यविधी पारशी दस्तुरांनीच, म्हणजे पुरोहितांनीच, केले, आईवडिलांच्या इच्छेप्रमाणे. तेव्हा @पश्चिमद्रुतगती, नाव बदललं तरी घरच्यांसाठी तो शेवटपर्यंत फारुखच होता. आणि बलसारा हे आडनाव बलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलंय. मुंबईहून गाडीने तीन-चार तास.

मर्क्युरी हे नाव कुठून आलं ते कोणाला माहीत आहे का?

गिटारगणू

पहिल्या अल्बमवरच्या माय फेअरी किंग या गाण्यात मर्क्युरी नावाच्या आईला हाक आहे. ब्रायन सांगतो की फ्रेडी म्हणाला, ती माझीच आई, आणि मी आता मर्क्युरी होणार. म्हणजे ज्या आईवडिलांचं आडनाव सोडलं त्याच आईला गाण्यात बोलावून नवं आडनाव घेतलं. मी हे वाचलं त्या दिवशी तो अल्बम तीन वेळा ऐकला.

पश्चिमद्रुतगती

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. माझं म्हणणं तरीही कायम आहे, पण जरा हलक्या आवाजात.

हाउन्स्लोकर

नमस्कार मंडळी, फेल्टमपासून बसने वीस मिनिटांवर राहतो. बलसारांच्या ग्लॅडस्टन अव्हेन्यूवरच्या घरावर २०१६ मध्ये, इथे कोण राहायचं ते सांगणारी निळी पाटी लागली, तेव्हा ब्रायन मे आला होता. साधं घर आहे. समोरून शंभरदा गेलोय. वरून विमानं इतकी खाली जातात की बोलणं थांबवावं लागतं, हीथ्रो शेजारीच आहे. या घरात बसून एका पोराने स्वतःसाठी राण्या आणि परीराजे रचले. मला आधीचं क्वीन समजलं ते तिथे उभं राहून.

दुसरी गोष्ट. क्वीन टूवर द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक नावाचं गाणं आहे, अडीच मिनिटांचं. ते एका चित्रावर आहे. रिचर्ड डॅड नावाच्या चित्रकाराने ते १८५५ ते १८६४ अशी नऊ वर्षं रंगवलं, वेड्यांच्या इस्पितळात असताना. चित्र लंडनच्या टेट गॅलरीच्या संग्रहात आहे. फ्रेडी बँडमधल्या सगळ्यांना ते बघायला घेऊन गेला होता. मला वाटलं होतं भिंतभर असेल. प्रत्यक्षात पाटीपूजनाच्या पाटीपेक्षा थोडंसंच मोठं, उंची ५४ सेंटिमीटर. नाक काचेला लागेपर्यंत पुढे गेलो. गवताच्या पात्यांमागे इवलीइवली माणसं, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, मधोमध पाठमोरा एक जण कुऱ्हाड उगारून थांबलेला, समोर फोडायचं फळ. घाव अजून पडलेलाच नाही. गाणं कानात लावून पाहिलं तर तो एकेकाची नावं घेत जातो, तसतसे ते चेहरे सापडत जातात. त्यातला हार्पसिकॉर्ड, पियानोसारखं एक जुनं वाद्य, फ्रेडीनेच वाजवलाय. @कडक_चहा, तुम्ही म्हणता सगळं ताटात ओतलंय. ते चित्रच तसं आहे हो.

कडक_चहा

हाउन्स्लोकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चित्र शोधून मोठं करून पाहिलं. गाणं परत लावतो. मत बदलेल असं वचन देत नाही.

तबलजी

अवांतर करतो. मी तबला शिकवतो, इंग्रजी गाण्यांतलं फार कळत नाही. पण विद्यार्थ्याने मुस्तफा (१९७८, जॅझ अल्बम) ऐकवलं होतं. त्याची बांग दिल्यासारखी सुरुवात ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. हा आवाज पाश्चात्त्य तालमीतला नाही असं वाटलं. श्वास न तोडता स्वर खेचतो, मग खाली घसरतो. झांझिबारला पहाटे अजान ऐकत वाढलेल्या पोराच्या कानात ते असणारच. हे माझं ऐकणाऱ्याचं मत, पुरावा नाही.

त्याला वरचे चार दात जास्तीचे होते आणि आवाज बदलेल म्हणून त्याने ते कधी काढले नाहीत, हे खरं का?

सुमेधा_ठाणे

हो, खरं आहे. फोटोत हसताना ओठ ओढून घ्यायचा म्हणूनच.

आण्णा_७१

तरुण मंडळींना नमस्कार. आमच्या वेळी शनिवारी रात्री आकाशवाणीवर सॅटर्डे डेट हा इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. वडील झोपलेले, रेडिओ उशीखाली. कोणाचं कोणतं गाणं ते कळायचं नाही, निवेदन खरखरीत जायचं. पुढे कितीतरी वर्षांनी मुलाने क्वीनचं नाउ आय एम हिअर लावलं आणि मी म्हणालो, अरे हे तर मी उशीखाली ऐकलंय! तेव्हा विनूने विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर: डाव्या कानाने, १९७५ च्या सुमारास.

मीनल_सांगली

धागा वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

१९९१ च्या नोव्हेंबरात मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. २३ तारखेला त्याने जाहीर केलं की आपल्याला एड्स आहे आणि २४ च्या संध्याकाळी तो गेला. आमच्या हॉस्टेलवर बातमी पेपरातून आली, दोन दिवसांनी. माझ्या धाकट्या भावाच्या खोलीत त्याचं पोस्टर होतं. सुट्टीत घरी गेले तर भिंतीवर फक्त चिकटपट्टीचे चार तुकडे. वडिलांनी काढून टाकलं होतं. भाऊ काही बोलला नाही. तेव्हा सगळीकडेच असं होतं. मी ज्या रुग्णालयात शिकत होते तिथे अशा रुग्णाचं ताट दारातूनच आत सरकवलं जायचं, आणि आम्हाला शिकवणाऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी तेव्हा आत गेले नाही. पुढे याच कामात अठरा वर्षं काढली.

इंग्लंडात तो गेल्यावर बोहेमियन ऱ्हॅप्सडी पुन्हा बाजारात आणलं, ते परत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याचे पैसे एड्सच्या रुग्णांसाठी झटणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले. एप्रिल १९९२ च्या वेम्बलीच्या कार्यक्रमातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला, तो अजून काम करतो. आमच्यासारख्या कामातल्या माणसांना त्याचं नाव त्यामुळे जवळचं.

भावाला आज हा धागा पाठवला. त्याने एकच ओळ लिहिली: "ताई, ते पोस्टर १९७४ चं होतं, मिशी नव्हती." त्यामुळे इथे लिहिलं.

वाईचा_विनू

मीनलताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. भावाला नमस्कार सांगा, आणि त्यांनाही इथे यायला सांगा.

पाच_गार्डन

मीनल, <३

पश्चिमद्रुतगती

मीनलताई, वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

नवखी_१९

मी सगळ्यात लहान दिसते इथे. माझं क्वीन २०१८ च्या सिनेमाने सुरू झालं, हसू नका. विनूकाका, क्वीन टू आधीपासून ऐकू की थेट काळ्या बाजूपासून? ॲपवर बाजू कळतच नाहीत, नुसती अकरा गाणी दिसतात.

वाईचा_विनू

कोणी हसणार नाही. ज्या दारातून आलीस ते आपलंच दार. फक्त त्या सिनेमात काळ मागेपुढे केलाय, हे लक्षात ठेव.

पहिली पाच गाणी पांढरी बाजू. त्यातली चार ब्रायनची, एक रॉजरचं. सहाव्यापासून काळी, ती सगळी फ्रेडीची. सहावं ते अकरावं एका दमात ऐक, मध्ये थांबू नकोस, कारण गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत. शेवटच्या सेव्हन सीजच्या अखेरीला माणसं मिळून समुद्रकिनाऱ्याचं एक जुनं इंग्रजी गाणं गातात. लगेच पुढचा अल्बम, शीअर हार्ट अटॅक, लाव. पहिल्या गाण्यात जत्रेचा गलबला आहे आणि कोणीतरी तीच चाल शिटीवर वाजवतंय. आठ महिन्यांनी आलेल्या अल्बमला त्यांनी मागच्याचं शेपूट जोडलं! मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीत होतो आणि ऑफिसच्या बसमध्ये एकटाच हसलो.

गिटारगणू

आणि मुखपृष्ठ बघ. काळ्या पार्श्वभूमीवर चार चेहरे, फ्रेडीचे हात छातीवर. मिक रॉकने काढलेला फोटो. बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या व्हिडिओत तेच चेहरे हलायला लागतात. जगाला ठाऊक असलेलं ते चित्र मुळात क्वीन टूचं.

हाउन्स्लोकर

२०२३ च्या सप्टेंबरात लंडनच्या सदबीज या लिलावघरात फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला, आधी महिनाभर फुकट प्रदर्शन होतं. रांगेत अडीच तास उभा होतो. बोहेमियन ऱ्हॅप्सडीचा हस्तलिखित कागद पाहिला. आधी 'मंगोलियन' लिहून खोडलंय आणि त्याच्या वरच्या बाजूला 'बोहेमियन'. विमान कंपनीच्या कॅलेंडरचा कागद होता तो. माझ्या शेजारी उभी असलेली बाई रडत होती आणि मीही.

तबलजी

मंगोलियन ऱ्हॅप्सडी! बरं झालं खोडलं.

नवखी_१९

ऐकलं. सहा ते अकरा, डोंबिवली ते दादर, मध्ये न थांबता. ऑगर बॅटलला आवाज कमी करावा लागला, शेजारच्या काकू बघायला लागल्या. मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन एका वेळी कळलं नाही, त्यात किती वळणं आहेत! विनूकाका, दीड मिनिटाला बरोबर थांबवून पण पाहिलं, तुम्हाला दहा वर्षं काय वाटत असेल ते बघायला. भयंकर आहे ते.

पण मला सगळ्यात आवडलं ते त्याच्या आधीचं छोटंसं, नेव्हरमोर. एक मिनिट सतरा सेकंद. नुसता पियानो आणि तो. राक्षस नाहीत, पऱ्या नाहीत. दादरला उतरून जिन्यावर परत लावलं. हेक्टिक्समध्ये मागे बसून पियानो वाजवणारा मुलगा तो हाच असं वाटलं.

टेबललँड

पोरीने नेमकं पकडलं.

आण्णा_७१

नेव्हरमोर मुलाकडून लावून घेतलं. दोन्ही कानांनी ऐकलं.

वाईचा_विनू

नेव्हरमोर माझ्या कॅसेटीत पूर्ण होतं. ए बाजूवरचं शेवटचं अख्खं गाणं. तुटलेल्या मार्चनंतर मी दर वेळी कॅसेट थोडी मागे घ्यायचो आणि तेच ऐकून टेप बंद करायचो. इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं की मी ते सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय.

कॅसेट अजून आहे. आज संध्याकाळी काढली. प्लेयरचा पट्टा सैल झालाय, आवाज जरा खाली जातो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझं झालं की उलटी कर."

कडक_चहा

हाउन्स्लोकरांचं चित्राचं गाणं तीनदा ऐकलं, अजून निम्मंच समजलंय, चालू आहे. नेव्हरमोर मात्र घेतलं, पूर्ण घेतलं. राक्षसांची लढाई तूर्तास विनूकडेच राहू दे.

वाईचा_विनू

राहू दे. पुढच्या ५ सप्टेंबरला परत विचारतो.